चाळीस गळे, एक गाणं

गॅदरिंगचा पडदा सरकतो. सर पेटीवर सूर देतात. पहिल्या रांगेतली चिमुरडी अजून गर्दीत आईला शोधतायत, तेवढ्यात चाळीस जण एकदम गायला लागतात आणि आपल्या अंगावर सर्रकन काटा येतो! कशामुळे बरं?

आवाज चाळीस पट मोठा होतो म्हणून? छे! आपल्या कानांचं पाढ्यांशी मुळीच जमत नाही. दहा जण गायले तरी आवाज एकट्यापेक्षा साधारण दुप्पटच वाटतो. चाळीस जणांचा? जेमतेम तिप्पट! म्हणजे गंमत दुसरीकडेच आहे.

ती शोधायला मिरजेला जाऊ. सांगलीला चिकटलेल्या या गावात भोपळ्यापासून सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ साली त्यांना ‘ही वस्तू खास इथलीच’ असं सांगणारं भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा म्हणजे ‘जोडी’. दोन्ही अगदी एका सुरात लावायच्या. समजा, एक तार सेकंदाला २२० वेळा थरथरली आणि दुसरी २२२ वेळा, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. हे हेलकावे ऐकतच खुंटी पिळायची. हेलकावे थांबले की जोडी जुळली!

पण पोरांच्या गळ्याला खुंटी कुठली? प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे होतोच. मग चाळीस गळ्यांचे हेलकावे एकमेकांत इतके मिसळतात, की वेगळे ऐकूच येत नाहीत. उरते एक मऊ, भरलेली गाज. एकटा गळा कितीही गोड असो, त्याला ही गाज जमायची नाही. फरक जास्त झाला तर मात्र सगळं बेसूर! म्हणून तर सर तालमीत ओरडतात, ‘‘शेजारच्याचं ऐका रे!’’

आता दुसरी गंमत. एवढं लांबलचक गाऊन यांना दम कसा लागत नाही? उत्तर पोवाड्यात आहे. साताऱ्यातल्या वाईजवळच्या पसरणी गावात १९२३ साली पोवाडे गाणारे शाहीर साबळे जन्मले. आपलं राज्यगीत त्यांच्याच आवाजात घरोघरी पोचलं. पोवाडा गाताना शाहिराच्या मागे उभे असतात झीलकरी. शाहिरानं ओळ सोडली, की ते ‘जी जी’ करत झील धरतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेऊन तयार! समूहगीतातही लांब सूर धरताना एकानं हळूच श्वास घेतला, तर शेजारचा तो सूर सांभाळतो.

आणि ओळीच्या शेवटी सगळे मिळून श्वास घेतात तेव्हा? श्वास आत घेताना हृदयाचे ठोके जरा भरभर पडतात, सोडताना मंदावतात. स्वीडनमध्ये २०१३ साली अठरा वर्षांच्या १५ जणांना एकत्र गायला लावून ठोके मोजले. गाण्याबरोबर सगळ्यांच्या ठोक्यांचा वेग एकदमच वाढायचा नि उतरायचा!

आज मधल्या सुट्टीत करून बघा. मित्राबरोबर तोंड मिटून एकच सूर गुणगुणा. मग एकानं तो अगदी किंचित वर सरकवायचा. हेलकावे ऐकू आले? मग मिरजेच्या कारागिराचा कान तुम्हालाही मिळाला म्हणायचा!