कार्लो स्फोर्झा : तडजोडीचे राजकारण आणि मुत्सद्देगिरी

प्रस्तावना
विसाव्या शतकातील इटलीच्या परराष्ट्र धोरणात काउंट कार्लो स्फोर्झा (१८७२–१९५२) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. राजेशाही व प्रजासत्ताक या दोन्ही कालखंडांत त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद भूषविले. शेजारी राष्ट्राशी केलेली तडजोड हा राष्ट्राचा अपमान ठरतो की त्यातच राष्ट्रहित असते, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीच्या केंद्रस्थानी होता. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्यांच्या कार्याचा आढावा घेतला आहे.

रापाल्लोचा तह
स्फोर्झा १८९६ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाले. कैरो, पॅरिस, कॉन्स्टँटिनोपल येथील अनुभवानंतर १९११ ते १९१५ या काळात ते चीनमध्ये इटलीचे राजप्रतिनिधी होते. जून १९२० मध्ये जिओलित्ती यांच्या मंत्रिमंडळात ते परराष्ट्रमंत्री झाले. पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या बाजूने उतरण्याच्या बदल्यात इटलीला १९१५ च्या गुप्त लंडन कराराने डाल्मेशियाचा मोठा भाग देऊ केला होता. तेथील बहुसंख्य लोकवस्ती मात्र स्लाव्ह होती. १२ नोव्हेंबर १९२० रोजी युगोस्लाव्ह राज्याशी झालेल्या रापाल्लोच्या तहानुसार इटलीला इस्ट्रिया, झारा शहर व काही बेटे मिळाली. उर्वरित डाल्मेशियावरील हक्क तिने सोडला आणि फ्यूमे हे स्वतंत्र राज्य ठरले. राष्ट्रवाद्यांनी या तहावर कडाडून टीका केली. कवी दान्नुन्झिओ यांनी बळकावलेले फ्यूमे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इटलीच्याच सैन्याला रिकामे करून घ्यावे लागले. मुसोलिनीच्या सरकारने १९२४ मध्ये हे शहर इटलीला जोडले.

राजीनामा व विजनवास
१९२२ मध्ये स्फोर्झा फ्रान्समध्ये राजदूत होते. ऑक्टोबरअखेर मुसोलिनी पंतप्रधान होताच त्यांनी राजीनामा दिला. राजदूत हा केवळ निरोप्या नसतो; सरकारच्या धोरणावर त्याचा विश्वास नसेल, तर त्याने ते पद सोडणेच योग्य, ही भूमिका त्यांच्या कृतीतून स्पष्ट झाली. सिनेटमध्ये फॅसिझमला विरोध केल्यानंतर १९२६ पासून त्यांना विजनवास पत्करावा लागला. बेल्जियम, फ्रान्स व अमेरिका येथे वास्तव्य करून ते १९४३ मध्ये मायदेशी परतले. परंतु त्यांच्या परखड राजेशाहीविरोधामुळे १९४४ मध्ये ब्रिटनने त्यांच्या नियुक्तीला हरकत घेतली.

शांतता तह व युरोपीय सहकार्य
फेब्रुवारी १९४७ मध्ये स्फोर्झा पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. त्याच महिन्यात झालेल्या पॅरिस शांतता तहाने इस्ट्रियाचा बहुतांश भाग, झारा व फ्यूमे युगोस्लाव्हियाकडे गेले. रापाल्लो येथे ज्यांनी हे प्रदेश मिळविले, त्यांनाच ते गमावल्याचे समर्थन संविधान सभेत करावे लागले. राष्ट्रांच्या समूहात पुन्हा प्रवेश मिळविण्यासाठी तहाला मान्यता देणे अपरिहार्य होते. पुढे एप्रिल १९४९ मध्ये उत्तर अटलांटिक करारावर आणि १८ एप्रिल १९५१ रोजी युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या करारावर त्यांनी इटलीच्या वतीने स्वाक्षरी केली.

निष्कर्ष
१९२० मध्ये ज्यांनी तडजोडीला दुर्बलता म्हटले, त्यांच्या मार्गाने इटलीला अखेरीस रापाल्लोने दिलेलेही बरेचसे गमवावे लागले. स्फोर्झांच्या धोरणाला त्या काळी अल्प लोकप्रियता लाभली. तथापि, शेजाऱ्याला मान्य असलेली सीमाच टिकाऊ असते, हा त्यांच्या कारकिर्दीचा बोध आहे, असे म्हणता येईल.