रक्तसंक्रमण आणि लोहाधिक्य : खानदेशाच्या संदर्भात चिलेशन उपचारपद्धती

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्यातील भिल्ल, पावरा या आदिवासी जमातींत सिकलसेल, तर सिंधी समाजात थॅलेसिमिया हे आनुवंशिक रक्तविकार आढळतात. थॅलेसिमिया मेजर असलेल्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी आणि सिकलसेलच्या काही रुग्णांस वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातूनच लोहाधिक्याची समस्या उद्भवते.

विवेचन :
रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मि.ग्रॅ. लोह शरीरात जाते. शरीरातून मात्र दररोज केवळ १ ते २ मि.ग्रॅ. लोह बाहेर पडते. उरलेले लोह हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथींत साचते आणि हृदय निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो.

खेकड्याच्या नांगीप्रमाणे धातूस पकडून मलमूत्रावाटे बाहेर काढणे म्हणजे चिलेशन. डेफेरॉक्सामिन हे औषध पंपाद्वारे त्वचेखाली ८ ते १२ तास द्यावे लागते. डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स तोंडावाटे घेता येतात. तथापि डेफेरिप्रोनमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, तर डेफेरासिरॉक्समुळे मूत्रपिंड व यकृतावर दुष्परिणाम संभवतो. म्हणून फेरिटिनसह नियमित रक्ततपासणी अनिवार्य ठरते. लोहाधिक्य सिद्ध झाल्याविना केवळ 'शरीरशुद्धी'साठी ही औषधे घेणे घातक होय.

निष्कर्ष :
रक्त मिळाले म्हणजे उपचार पूर्ण झाला, असे नव्हे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरांना वाहक-तपासणी व चिलेशनविषयक प्रबोधनाची जोड देणे आवश्यक आहे.