काशीतील मोहल्ला आणि गुन्ह्यांचा दर
वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. हा भाग कितपत सुरक्षित, हे गुन्ह्यांच्या दरावरून कळत नाही.

एक लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे म्हणजे हा दर. घरफोडीत खून झाल्यास राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या गणनेत खूनच धरला जातो. तक्रारच न केलेली चोरी तर कुठेच दिसत नाही. यात्रेकरू लाखोंनी येतात, भागाकार मात्र रहिवाशांच्याच संख्येने होतो! शिवाय २०१६ च्या अहवालापासून २० लाखांवरील १९ महानगरांचेच स्वतंत्र तक्ते निघतात. वाराणसी त्यांत नाही.

मोहल्ल्याची माहिती ठाण्याच्या नोंदींतच मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्राथमिक माहिती अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर साधारणतः २४ तासांत द्यावे लागतात.