पाळीची बैठक

आपल्याकडे भजन आज या घरी, उद्या त्या घरी बसते. एकाच घरावर भार पडत नाही, अन् कोणी मालकही होत नाही.

अशीच पाळी अमेरिकेतल्या शिकागो शहरात सुरू झाली. साल होते १९०५. पॉल हॅरिस नावाच्या वकिलांना त्या मोठ्या शहरात जिवाभावाचे कोणी नव्हते. त्यांनी तिघांना जमवले. एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी, एक खाणीचा इंजिनियर. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे. फिरती बैठक, म्हणून नाव पडले रोटरी. पुढे हे क्लब आपल्या देशातही निघाले.

वेळ झाली की घंटा वाजते. कोणी पाहुणा चार शब्द सांगतो. उशिरा येणाऱ्याला कुठे कुठे हसत हसत दंडही करतात. पण खरा प्रश्न निराळाच असतो. मागे कबूल केलेले काम कुठवर आले? आठ दिवसांनी पुन्हा तोंड दाखवायचे, मग काम टाळणार कसे?

आपल्या पोरांना पोलिओचे दोन थेंब पाजले ना? त्या कामाला हे क्लब १९८५ पासून जगभर लागले. घरोघर फिरणाऱ्या नर्सबाईंची मेहनत तर मोठीच. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. सगळीकडच्या बायांना सभासद व्हायला १९८९ साल उजाडले!

२०१६ पासून महिन्यातून दोन बैठका झाल्या तरी चालते. तरी पुष्कळ क्लब अजून दर आठवड्याचा वार धरून आहेत.