विश्लेषण : जुन्या ‘मसल कार’चे पुढचे मडगार्ड रुंद करताना नेमके काय पणाला लागते?

साठ-सत्तरच्या दशकातील अमेरिकी ‘मसल कार’ असो की आपली काँटेसा, रुंद टायर बसवायचे ठरले की पहिली अडचण येते ती पुढच्या मडगार्डची. कोल्हापुरात हे काम करून घेणे अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात पत्रा ठोकणारा, लेथ चालवणारा आणि वेल्डिंग करणारा हाकेच्या अंतरावर मिळतो, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतकामाची ख्याती तर देशभर आहे. प्रश्न सुरू होतात ते गाडी गॅरेजमधून बाहेर पडल्यावर.

अडचण पुढच्याच मडगार्डची का?

मसल कारचा जमाना १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून सुरू झाला, असे साधारणपणे मानले जाते. तिचे इंजिन होते ६.४ लिटरचे, टायर मात्र आजच्या मानाने अरुंदच. म्हणून हौशी मालक आधी टायर बदलतो. मागचे चाक फक्त वर-खाली होते, त्यामुळे तिथे थोडी जागाही पुरते. पुढचे चाक वर-खाली होतेच, शिवाय वळते. गाडी उभी असताना छान दिसणारा टायर पूर्ण स्टीअरिंग कापून खड्ड्यात आदळला, की मडगार्डच्या कडेला घासतो. कडेची आतली दुमड ही सुरीसारखी असते. ती टायरची बाजू चिरू शकते, आणि वेगात तसे झाले तर काय होईल हे सांगायला नको.

कारखान्यांनाही हे चुकले नाही. शर्यतीसाठी काढलेल्या १९६९ च्या डॉज चार्जर डेटोनाच्या पुढच्या मडगार्डवर उलट्या तोंडाची टोपणे दिसतात, ती नुसती शोभेची नव्हती. शर्यतीच्या गाड्यांत त्यांच्याखाली टायरला जागा मिळावी म्हणून पत्रा कापलेला असे.

काम कसे होते?

गरज पाच-सात मिलिमीटरचीच असेल तर कापाकापी लागत नाही. हबवर रोलर बसवून, रंग तडकू नये म्हणून हीट गनने पत्रा गरम करत आतली दुमड वर चपटी केली जाते. आणखी थोडे हवे असेल तर त्याच रोलरने कड बाहेर ओढतात. पण जुना पत्रा ओढला की आधीच्या अपघाताची पुट्टी ढलप्यांनी निघते. गाडीचा खरा इतिहास बऱ्याचदा त्या दिवशी मालकाला समजतो.

एक-दोन इंच रुंदी हवी असेल, तर मडगार्ड कापावेच लागते. बहुतेक अमेरिकी मसल कारमध्ये पुढचे मडगार्ड बोल्टवर असते, ही जमेची बाजू. पण जाणता मेस्त्री ते आधी काढत नाही. गाडीवरच चाक लावून, स्प्रिंग दाबून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायर कुठवर येतो ते पाहतो आणि पुठ्ठ्याचा फर्मा बनवतो. मापे घेतो ती गाडीच्या मध्यरेषेपासून. पन्नास वर्षांची गाडी दोन्ही बाजूंनी सारखी असेल याची खात्री नसते, त्यामुळे डाव्याचे माप उजव्याला लावले की समोरून गाडी तिरकी दिसते.

मग चाकाच्या कमानीच्या वर पत्रा कापून कड बाहेर घेतात आणि मधल्या फटीत साधारण तेवढ्याच जाडीची नवी पट्टी जोडतात. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. सलग वेल्डिंग केले तर तो उष्णतेने पापडासारखा वाकतो. म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा, असे काम चालते. नंतर हातोडी आणि मागे डॉली धरून उंचसखल भाग सपाट करतात. शेवटचा हात पुट्टीचा असतो. ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल, तर ठोकाठोकी कमी पडली असे समजावे.

खरी परीक्षा दारापाशी असते. मडगार्ड फुगले, पण दार तेवढेच राहिले. पुढून येणारी रेघ दारावर सहज उतरली पाहिजे, हेडलाइटची चौकट आणि बंपरही जुळले पाहिजेत. घाईच्या कामात इथेच पायरी राहते. फायबरचे तयार फ्लेअर स्क्रूने लावणे स्वस्त, पण स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरते. कोल्हापूरचा पाऊस पाहता, आतून प्रायमर आणि गंजरोधक मेणाचा हात दिला नाही तर सुंदर मडगार्ड काही पावसाळ्यांतच आतून खाल्ले जाईल.

गाडी चालवताना काय बदलते?

चाक बाहेर सरकले की स्टीअरिंग जड होते, खड्ड्याचा हिसका हातापर्यंत येतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. केवळ रुबाबासाठी चाके बाहेर काढणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करत हेच बजावले. रंग बदलणे चालते, ढाच्यातला बदल नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. कड दुमडणे आणि दोन इंच मडगार्ड वाढवणे यांत फरक आहे. पण कटर चालवण्यापूर्वी आरटीओला लेखी विचारणे केव्हाही स्वस्त पडते. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर दावा अडू शकतो.

‘व्हिंटेज’ नोंदणीचे काय?

इथे सर्वात मोठा तोटा होऊ शकतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोज वापरता येत नाही; रॅली, प्रदर्शन, इंधन आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणायची. आणि अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल केलेला नसावा. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक पाहायला गर्दी होते, ती अशा जपलेल्या मूळ रूपासाठीच.

काँटेसाचा पेच वेगळा आहे. ती १९८४ मध्ये आली, २००२ मध्ये बंद झाली. म्हणजे पहिल्या काँटेसालाही पन्नाशी गाठायला २०३४ उजाडेल. तोवर तिला साध्या नोंदणीचेच नियम लागू, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची तपासणीही. आज मडगार्ड कापणाऱ्याने २०३४ चा विचार करून मूळ जोडी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवावी आणि काम दुसऱ्या जोडीवर करावे. भंगार बाजारात जुन्या गाडीचे मडगार्ड अजून अधूनमधून मिळते. आतला ॲप्रन मात्र कापायचा नाही; तो ढाच्याला वेल्ड केलेला असतो, बोल्ट काढून परत बसवता येत नाही.