सेल्फ मारल्यावर गाडी काय बोलते?

गेल्या लग्नसराईत मांजरसुंब्याजवळच्या एका मंगल कार्यालयासमोर पिवळीधमक, दोन सीटची स्पोर्ट्स कार अडून बसली. नवरदेवाच्या मित्राने ती पुण्याहून हौसेने आणलेली. पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली, पठ्ठ्याने बटण दाबलं आणि गाडी गप्प. पाच मिनिटांत वीस-पंचवीस पाहुणे भोवती जमले. निम्म्यांचं निदान एकच: "अहो, धक्का मारा की!"

त्यांना तरी काय म्हणावं! एमएच-२३ पाटीची जीप किंवा ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर रात्री उतारावर लावायचा आणि सकाळी ढकलून चालू करायचा, हे बघतच बीड जिल्ह्यातलं पोर मोठं होतं. या पिवळ्या गाडीला ते औषध चालत नाही. रोग मात्र बहुतेक वेळा जीपचाच असतो.

स्पोर्ट्स कार म्हणजे वेगळं काय

बंगळूरच्या सॅन मोटर्सने १९९८ साली 'स्टॉर्म' ही दोन सीटची गाडी काढली. दिसायला झोकदार, पण आत रेनोचं १.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं साधं पेट्रोल इंजिन. पुढे दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीची 'अवंती' २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत झळकली. तिचंही इंजिन रेनोचंच, दोन लिटरचं टर्बो, फक्त सीटच्या मागे बसवलेलं. म्हणजे अंगावरचे कपडे भारी असले तरी काळीज ओळखीचंच. कुठल्याही पेट्रोल इंजिनाला फिरवणारा सेल्फ लागतो, पेट्रोल-हवा लागते आणि ठिणगी लागते. वस्तू नेहमीच्या जागी नसतात आणि मध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो, एवढं खरं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही गाडी रोज चालत नाही. घोडा तबेल्यात उभा राहून आखडतो, तसं तिचं होतं.

आधी कान, मग पाना

बॉनेटला हात लावण्याआधी गाणी बंद करा, एसी बंद करा आणि एकदाच सेल्फ मारून ऐका. एकदाच. दहा वेळा मारून उरलीसुरली बॅटरीही लोक उतरवून ठेवतात.

डॅशबोर्डच काळा पडला असेल तर बॅटरी पार उतरलीय किंवा टर्मिनल सुटलंय. दिवे लागतात, पण सेल्फ मारताच मंदावतात आणि 'टकटकटक' आवाज येतो, तर बॅटरीत दिव्यापुरता जीव आहे, इंजिन फिरवण्यापुरता नाही. सेल्फ ओढतो शंभर-दोनशे अँपिअर, मोठ्या इंजिनाचा त्याहून जास्त. दिवे लख्ख आणि एकच दणकट 'टक', तर संशय सेल्फवर: कार्बन झिजले असतील किंवा सोलेनॉइड अडकला असेल. जीपच्या सेल्फला टॉमीने हलकासा ठोका दिला की तो एखाद वेळेस सुटतो. इथे सेल्फ इंजिनाखाली कुठेतरी दडपलेला असतो आणि गाडी जमिनीपासून वीतभर उंच, त्यामुळे ती हौस सोडून द्यावी.

दिवे लख्ख आणि आवाजच नाही, असं झालं तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचलेला नाही. बटणाच्या गाडीला आधी ब्रेक दाबल्याचं कळावं लागतं, आणि ते कळतं ब्रेकच्या पेडलजवळच्या एका छोट्या स्विचवरून. बाहेरच्या माणसाला ब्रेकलाइट लागते का ते बघायला सांगा. नसेल लागत, तर फ्यूज किंवा तो स्विच तपासा. ऑटोमॅटिक असेल तर एकदा न्यूट्रलमध्ये टाकून बघा. मग किल्ली. तिच्यात नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, बहुतेक वेळा २०३२ नंबरचा, किराणा दुकानातही मिळतो. तो संपला तरी किल्लीतली चिप जिवंत असते. किल्ली स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवून धरली की गाडी ओळख पटवते.

बॅटरी, आणि तिचा लपंडाव

मंगल कार्यालयासमोरच्या गाडीचं दुखणं हेच होतं. सकाळपासून तिच्यासोबत फोटो चालले होते. दारं उघडी, दिवे चालू, गाणी चालू, इंजिन बंद.

बॅटरी बघायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, १२.२ म्हणजे निम्मं, १२ च्या खाली म्हणजे उपास. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करूनही फार दिवस टिकायची नाही. इंजिन चालू झाल्यावर १४ च्या आसपास दिसायला हवा, नाहीतर दोष अल्टरनेटरकडे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर गरम पाणी, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. निगेटिव्हची वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते, ती अर्थिंगची जागाही बघा. निम्म्या वेळा घोटाळा तिथेच असतो.

आता उभ्या गाडीचा हिशेब. कुलूप लावल्यावरही अलार्म, किल्लीची वाट बघणारा रिसीव्हर, कॉम्प्युटर हे सगळे थोडा थोडा करंट खात राहतात. ५० मिलिअँपिअर धरा. महिन्याचे ७२० तास, म्हणजे ३६ अँपिअर-तास गेले. साठ-सत्तरच्या बॅटरीतली निम्मी शिदोरी गाडी न हलताच संपली. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार असतो, पत्र्याच्या शेडखाली आणखी वर, आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. गॅरेजमध्ये वीज असेल तर छोटा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवलेला बरा.

पण बॅटरी आहे कुठे? काहींत डिक्कीत, काहींत सीटखाली. मागे इंजिन असलेल्या बऱ्याच गाड्यांत ती पुढच्या झाकणाखाली, आणि झाकणाची कडी विजेवर! बॅटरी उतरली की झाकण उघडत नाही, झाकण उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही. इंजिनिअर लोकांचा हा विनोद मला आजही कळलेला नाही. पोर्शेच्या अनेक मॉडेलांत यावर उपाय आहे: ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजच्या डब्यात एक लाल टोक बाहेर ओढता येतं. त्याला बाहेरून पॉझिटिव्ह द्यायचा, निगेटिव्ह दाराच्या धातूच्या बिजागरीला, की कडी सुटते. आमच्या त्या गाडीतही असंच काहीतरी होतं. गावातला वायरमन स्प्लेंडरवर आला, मालकाकडून डॅशमधली पुस्तिका मागून घेतली आणि चष्मा वर सारून चित्रं बघत बसला. जमलेल्यांपैकी पुस्तिका उघडणारा तो एकटाच.

जंपर लावताना

झाकण उघडलं, चांगल्या बॅटरीची एक बोलेरो जवळ आली, मग पुढचं सोपं. क्रम मात्र चुकवू नये. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला किंवा अर्थिंगच्या ठरलेल्या बोल्टला. बॅटरीलाच नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं टोक लावताना ठिणगी पडते. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. काढताना उलटा क्रम. उलटसुलट लागलं तर जीपचा फ्यूज जातो, या गाडीचा कॉम्प्युटर जातो. ट्रकच्या २४ व्होल्टवर जंपर देऊ पाहणारे महाभागही भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

गरगर फिरते, पण पकडत नाही

सेल्फ जोमात आहे, तर बॅटरी सोडा आणि पेट्रोलकडे वळा. इग्निशन चालू केल्यावर बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक 'घूं' ऐकू येतं. तो पेट्रोल पंप. आवाज नाही तर फ्यूज बघा, मग शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून तिथे लावून बघा. काही मॉडेलांत धडकेनंतर पेट्रोल तोडणारा स्विच असतो. जोरदार खड्ड्यानेही तो कधी उडतो, आणि दाबून परत बसवता येतो. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र दाबू नका.

सहा महिने उभ्या गाडीत पेट्रोलच शिळं झालेलं असतं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. ऊस आणि मळीपासूनही ते बनतं, म्हणजे आपल्या फडातल्या घामाचा अंश टाकीत आहे म्हणायचं. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. पंप तळातूनच ओढतो.

इंजिन चालू होऊन क्षणात बंद पडतं आणि डॅशवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतं, तर इमोबिलायझरने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली आणा. शेतातल्या शेडमध्ये गाडी उभी असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली का हे टॉर्चने बघावं. हसू नका, कापणीनंतर उंदीर ऊब शोधत इंजिनातच येतात.

चहाला थांबलो आणि…

गेवराईपर्यंत झकास आली, चहाला वीस मिनिटं थांबली, आता फिरते पण पकडत नाही. तासाभराने आपोआप चालू. याला भुताटकी समजू नये. क्रँकशाफ्ट किती फिरला हे सांगणारा सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि गार झाल्यावर शहाणा होतो. स्टिअरिंगखालच्या खाचेत छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर पी-०३३५ सारखा कोड दिसतो. २०१३ नंतरच्या गाड्यांत ही सोय बहुधा आहेच, आणि बीड-अंबाजोगाईच्या चांगल्या वायरमनकडे स्कॅनरही आहे. कोड म्हणजे निकाल नव्हे, पत्ता आहे. त्या पत्त्यावरची वायर आधी बघावी, मग सेन्सर बदलावा.

धक्का का नको

ऑटोमॅटिक किंवा डबल क्लचच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद असताना चाकं आणि इंजिन जोडलेलीच नसतात. परळीच्या वैजनाथापासून कपिलधारपर्यंत ढकलली तरी ती चालू होणार नाही. हाताच्या गिअरची असेल तर होऊ शकते, पण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटू शकतं. त्याची किंमत ऐकली की जंपरची वायर फुकट वाटते.

पाण्यातून आली असेल तर

बिंदुसरेला पूर आला, गाडी पाण्यात बंद पडली, तर सेल्फला हातच लावू नका. या गाड्यांचं हवा ओढायचं तोंड खाली असतं. पाणी सिलिंडरात गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावं लागतं, आणि ते रस्त्यावरचं काम नाही.

न्यायचीच झाली तर

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ फिरवा. दोरी बांधून ट्रॅक्टरमागे ओढू नका, पुढची दोन चाकं उचलणारी क्रेनही नको. पाठ सपाट असलेला ट्रकच मागा. त्यावर चढवताना ओढायचा हूक बंपरला दिसणार नाही. तो डिक्कीतल्या हत्यारांच्या पिशवीत असतो, आणि बंपरवरचं चौकोनी झाकण नखाने काढून आत फिरवायचा असतो. काही गाड्यांत त्याच्या आट्या उलट्या असतात. डावीकडे फिरवून बघा.