विलायतेचा वाद आणि आपली वस्ती

पूर्वी विलायतेच्या राजकारणावर बोलायचे ते वकिलांनी नाही तर प्राध्यापकांनी. आता धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीत कामावरून आलेला माणूस भाकरी खाता खाता मोबाईल उघडतो आणि लंडनच्या पंतप्रधानावर मत देऊन मोकळा होतो. ऑक्टोबर 2022 मध्ये ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तेव्हा 'आपला माणूस गोऱ्यांवर राज्य करणार' असे संदेश घरोघर फिरले. जुलै 2024 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला, कीर स्टार्मर आले आणि त्याच मंडळींचा वाद नव्याने सुरू झाला. 'इंग्रजांचे राज्य बरे होते', 'तुम्ही तर इंग्रजांचे धार्जिणे' आणि 'विलायतेत जात नसते' ही तीन वाक्ये मात्र प्रत्येक वादात ठरलेली. शब्दाला शब्द लागतो, आणि एकाच ठेकेदाराकडे राबणारी दोन माणसे दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलत नाहीत.

घरातली वडीलधारी माणसे याला रिकामपणाचे उद्योग म्हणतात. तसे म्हणून चालणार नाही. विलायतेच्या कारभाराशी आपल्या समाजाचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. आपल्या पूर्वजांनी तो कागदावर, पुराव्यानिशी घातला. आपली मुले तो शिव्यांनी घालू लागली, तर हातचे हत्यार टाकून दिल्यासारखे होईल.

धार्जिणे कोण होते?

पहिल्या आरोपाचे उत्तर आधी पाहू. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावच्या लढाईत कंपनीच्या फौजेतून महार शिपाई लढले, हे खरे. पण त्याच इंग्रजांनी 1890 नंतरच्या काळात महारांची लष्करभरती बंद केली. ज्या नोकरीने बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांच्यासारख्यांच्या घरात अक्षर आले, तिचे दार लागले. त्यावर आपली माणसे गप्प बसली नाहीत. कोकणातून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली अर्ज पाठवला तो थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे. लष्करात आणि पोलिसात आम्हाला जागा द्या, अशी त्यात मागणी होती. पहिल्या महायुद्धात गरज लागली तशी भरती उघडली, युद्ध संपल्यावर पुन्हा बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली, बेळगावात.

मग आली 1930 ची गोलमेज परिषद. लंडनमध्ये इंग्रज पंतप्रधानांच्या समोर बाबासाहेब बोलले, ते हात जोडून नव्हे. इंग्रज येण्यापूर्वी अस्पृश्यांना विहीर बंद होती, देऊळ बंद होते, पोलीस आणि लष्कर बंद होते. दीडशे वर्षांच्या इंग्रजी राज्यानंतरही ते तसेच आहे, मग या राज्याचा आम्हाला उपयोग काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. लोकांचे राज्य हवे आणि त्यात आमच्या हक्कांची लेखी हमी हवी, अशी त्यांनी मागणी केली. इंग्रजांच्या घरात जाऊन इंग्रजांना असे सुनावणाऱ्याला धार्जिणा म्हणणाऱ्याने आधी ते भाषण वाचावे.

'इंग्रजांचे राज्य बरे होते' असे म्हणणाऱ्या आपल्याच तरुणांनाही एक सांगितले पाहिजे. आपला जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकरकी केली, सांगावे पोचवले, मेलेली ढोरे ओढली, ती निजामाच्या मुलखात. म्हणून तर फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला खुद्द बाबासाहेब आले. राजा कोणता हे बदलत गेले, गावकीचे ओझे तेच राहिले. बाबासाहेबांचा झगडा त्या ओझ्याशी होता.

जात बोटीत बसली, विमानातही बसली

आता तिसरे वाक्य, 'विलायतेत जात नसते'. हे वाक्य जेवढे गोड, तेवढेच फसवे आहे. इथून गेलेल्या माणसाच्या सामानात लोणच्याची बरणी जाते, तशी जातही जाते. ब्रिटनमध्ये रंग, वंश, राष्ट्रीयत्व यावरून भेद करायला कायद्याने बंदी आहे. असा पहिला कायदा 1965 साली झाला. काळ्या आणि भारतीय कामगारांनी त्यासाठी फार सोसले. पण भारतीयाने भारतीयाला जातीवरून छळले तर काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

2010 च्या समता कायद्यात 'सरकारला वाटल्यास जातीचा समावेश करता येईल' असे कलम आले. त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या संशोधन संस्थेच्या अहवालाने ब्रिटनमध्ये नोकरीत आणि सेवांमध्ये जातिभेद होत असल्याचे पुरावे मांडले. तिथल्या आंबेडकरी, बौद्ध आणि रविदासी संघटना खासदारांकडे खेटे घालत होत्या. शेवटी 2013 साली संसदेने त्या कलमातले 'करता येईल' बदलून 'करावेच लागेल' असे केले. एका क्रियापदासाठी तीन वर्षे!

पुढे मात्र गाडे अडले. काही हिंदू संघटनांनी विरोध केला. कायद्यात जात घातली तर विसरत चाललेली जात पुन्हा जागी होईल, सगळ्या समाजावर डाग लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे आपल्याला नवे नाही. दुखणे आहे असे म्हटल्यानेच दुखणे होते, असा त्याचा अर्थ. रंगाचा भेद सोसलेल्यांनीच जातीच्या भेदावर पांघरूण घालावे, याचे वाईट वाटते. 2017 मध्ये सरकारने लोकांची मते मागवली. 16,000 हून अधिक उत्तरे आली. जुलै 2018 मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयाच्या निकालांवर भागवू.

ते निकाल कसले? बिहारमधून घरकामाला नेलेल्या एका आदिवासी बाईचा खटला त्यात महत्त्वाचा आहे. मिल्टन कीन्स गावात, भारतीय मालकाच्या घरी, ती दिवसाला 18 तास, आठवड्याचे सातही दिवस राबली. जमिनीवर गादी टाकून झोपली. मजुरी पडली तासाला 11 पेन्स, आणि 100 पेन्सचा एक पौंड होतो. जात काही प्रसंगी 'वांशिक मूळ' या सदरात येऊ शकते, असे अपील न्यायाधिकरणाने 2014 मध्ये म्हटले. 2015 मध्ये तिला थकलेल्या मजुरीपोटी 1,83,773 पौंड देण्याचा आदेश झाला. ऊसतोडीला आणि घरकामाला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना या बाईची कहाणी समजावून सांगावी लागणार नाही.

लंडनचे घर

याच लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे 10 नंबरचे घर आहे. 1921-22 मध्ये विद्यार्थी असताना बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते 2015 साली विकत घेतले. पुढे गर्दी आणि गोंगाटाची तक्रार करून काही शेजाऱ्यांनी तिथल्या स्मारकाला हरकत घेतली, नगरपालिकेने परवानगी नाकारली. प्रकरण चौकशीपर्यंत गेले, वकील लागले, कागद लागले, आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. तिथे कोणी दगड मारला नाही की कोणाच्या आईबहिणीचा उद्धार केला नाही.

बाबासाहेबांच्या त्या शिक्षणाला छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली होती. आज त्यांच्याच नावाच्या परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी 75 अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना बाहेर शिकता येते. उद्या आपल्या वस्तीतली मुलगी लंडनला गेली आणि तिला कोणी आडनावावरून खोली नाकारली, तर तिच्या पाठीशी कोणता कायदा आहे, हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

म्हणून मुलांच्या हातचा मोबाईल हिसकावून घेऊ नका. त्यांना तीन प्रश्न विचारा. हे कोणी म्हटले? कोणत्या साली? कुठे लिहिले आहे? उत्तर नसेल तर तो मजकूर पुढे पाठवायचा नाही, एवढा नियम घरात करा. रागाच्या भरात टाकलेल्या दोन ओळींनी पोलिसांत गुन्हा नोंदला जातो, आणि मग भरतीचा अर्ज भरताना मुलगा अडतो. भडकवणारा मात्र नामानिराळा राहतो. तथागतांनी सम्यक वाचा सांगितली, त्यात खोटे, कठोर आणि चहाडीचे बोलणे टाळायला सांगितले. खरे बोलायला त्यांनी कुठे मनाई केली नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर गोलमेज परिषदेतले बाबासाहेबांचे भाषण एका मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे. शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथांत ते मिळते. सगळ्यांनी ऐकावे, शंका विचाराव्यात. मग खुशाल वाद घालावा, विलायतेचा आणि गावचाही.